मॉनिटरशिवायचा छोटा सर्व्हर, चार ओळींच्या मेनूसह

गावचे वाचनालय, देवस्थानचे कार्यालय, हिशेबनिसाचे दुकान अशा ठिकाणी फायली सांभाळायला मोठा सर्व्हर लागत नाही. तळहाताएवढे लिनक्स मशीन, एक एसएसडी आणि राउटरपर्यंत गेलेली लॅन केबल एवढ्यावर काम भागते. अडचण येते ती लावून देणारा माणूस निघून गेल्यावर. बॅकअप झाला की नाही, डिस्कमध्ये जागा किती उरली, राउटर बदलल्यावर मशीनचा पत्ता काय झाला, वीज गेली तर हे बंद कसे करायचे, हे प्रश्न काउंटरवर बसणाऱ्याला पडतात. त्याच्याकडे लॅपटॉप नसतो आणि एसएसएच (दुरून कमांड देण्याची सोय) शिकायची त्याला गरजही नाही. म्हणून पेटीवर वीस अक्षरांच्या चार ओळींचा एलसीडी आणि शेजारी नंबर कीपॅड. मेनूत पाचापेक्षा जास्त गोष्टी ठेवू नका. जी दाबायच्या आधी त्या माणसाला तुम्हाला फोन करून विचारावे लागेल, ती गोष्ट मेनूत नकोच.

कमांड आणि फायलींची नावे पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मशीनवर ती रोमन लिपीत टाइप करायची.

सामान

रास्पबेरी पाय ४ (वर म्हटलेले छोटे मशीन, पुढे नुसते ‘पाय’), २ जीबीचा, पुरेसा आहे. पाय ३बी प्लसही चालतो, पण त्याचे लॅन यूएसबी २.० मधूनच जाते, त्यामुळे डिस्क आणि नेटवर्क एकाच रस्त्यावर येतात आणि मोठ्या फायली रखडतात. पाय ५ घेतलात तर त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा पुरवठा द्या. ३ अँपिअरवर तो यूएसबीला मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर सोडतो आणि डिस्क चालू होताना अडखळते. पाय ४ साठी ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा मूळ अडॅप्टर घ्या. मोबाइलचा चार्जर नको. त्याच्या लांब, बारीक केबलमध्येच अर्धा व्होल्ट पडतो.

बाकीचे सामान: ३२ जीबीचे हाय एन्ड्युरन्स मायक्रो एसडी कार्ड, यूएसबी ३ च्या पेटीतली ५०० जीबी एसएसडी, बॅकअपसाठी दुसरी डिस्क, पीसीएफ८५७४ चिपचा आयटूसी (दोन वायरींवर माहिती नेणारी जोडणी) बोर्ड मागे डाख दिलेला २० बाय ४ एलसीडी (बोर्डवर २००४ए असे छापलेले असते), बीएसएस१३८ चा चार चॅनेलचा लेव्हल शिफ्टर (३.३ आणि ५ व्होल्टच्या मधला दुवा), साधा यूएसबी नंबर कीपॅड, झाकणाची प्लास्टिक पेटी, केबल ग्लँड. म्हापसा, पणजी, मडगावच्या दुकानात एलसीडी विचारताना ‘आयटूसीसकट’ हे सांगा, नाहीतर सोळा पिनांचा सुटा एलसीडी हातात येतो. लेव्हल शिफ्टर आसपास नाही मिळाला तर ऑनलाइन मागवा, पण वगळू नका. कारण वायरिंगपाशी येईल.

फिरती हार्ड डिस्क बॅकअपला वापरणार असाल तर तिला स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब द्या. पाय ४ चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअर देतो. एसएसडीच्या सोबतीला फिरती डिस्क सुरू झाली की तेवढे पुरत नाही.

प्रणाली टाकणे

रास्पबेरी पाय ओएस लाइट, ६४ बिट. डेस्कटॉपची आवृत्ती घेऊ नका. कार्ड लिहिताना रास्पबेरी पाय इमेजरच्या सेटिंगमध्येच मशीनचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड, एशिया-कोलकाता ही वेळ आणि एसएसएच चालू करणे हे सगळे भरून घ्या. पूर्वी ‘पाय’ नावाचा तयार वापरकर्ता असायचा, तो २०२२ पासून नाही. हे न भरता कार्ड लावलेत तर मशीन पहिल्या बूटला वापरकर्ता विचारत थांबते, आणि विचारणार कुणाला, मॉनिटरच नाही.

वायफायवर भिस्त ठेवू नका. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल खातात, आणि वायफाय सुटलेले मशीन दुरून उठवता येत नाही. केबल टाका.

पहिले बूट दोन-तीन मिनिटे घेते. मग लॅपटॉपवरून एसएसएचने मशीनचे नाव आणि डॉट लोकल असे लिहून आत जा. नाही सापडले तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत पत्ता पाहा. स्थिर पत्ता पायवर लिहून ठेवू नका, राउटरमध्येच त्या मशीनसाठी राखून ठेवा. इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि नव्याचे जाळे १९२.१६८.०. ऐवजी १९२.१६८.१. ने सुरू झाले, तर हाताने पत्ता दिलेला पाय जाळ्याबाहेर पडतो. राउटरकडून पत्ता घेणारा नवा पत्ता घेतो आणि एलसीडीवर दाखवतो.

सगळी पॅकेजे अद्ययावत करा. एसएसएचसाठी ईडी२५५१९ ची चावी बसवा, चावीने आत जाता येते हे दुसऱ्या खिडकीत तपासा, आणि मगच पासवर्डने प्रवेश बंद करा. ज्या खिडकीतून बदल केला ती तोवर बंद करू नका.

डिस्क जोडण्यात एक बारीक गोष्ट मशीन बसवून टाकते. एफएसटॅबमध्ये (बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) डिस्क एसडीए अशा नावाने न लिहिता यूयूआयडीने (तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने) लिहा, हे बहुतेकांना माहीत असते. पण पर्यायांत ‘नोफेल’ लिहिले नाही आणि एखाद्या दिवशी डिस्क निघालेली असेल, तर सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा लिनक्सचा भाग) दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या अवस्थेत जाते. तिथे नेटवर्कही नाही आणि एसएसएचही नाही. मॉनिटर आणल्याशिवाय मार्ग नाही. नोफेलच्या जोडीला एक्स-सिस्टमडी डॉट डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंद ठेवा. दोन्ही डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅटवर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत आणि हार्डलिंकही (एकाच फाइलला दुसरे नाव) होत नाहीत.

जाळ्यावर फायली वाटून देणाऱ्या सांबाचे विशेष काही नाही: पॅकेज टाका, एक शेअर लिहा, एसएमबीपासडब्ल्यूडीने वापरकर्ते घाला, पाहुण्यांना प्रवेश बंद ठेवा.

एलसीडीच्या वायरी

पायचे जीपीआयओ (बाहेरच्या वायरी जोडायच्या पिना) ३.३ व्होल्टचे आहेत आणि ५ व्होल्ट सोसत नाहीत. एलसीडीला मात्र ५ व्होल्ट लागतात, आणि त्याच्या आयटूसी बोर्डवरचे ४.७ किलोओहमचे रोध एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) या आयटूसीच्या दोन्ही रेषा ५ व्होल्टकडे ओढतात. पायवरचे १.८ किलोओहमचे रोध त्याच रेषा ३.३ कडे ओढतात. थेट जोडल्यास रेषा पावणेचार व्होल्टच्या आसपास तरंगते. बरेच जण असे वापरतात आणि ते चालतेही, पण पायच्या मर्यादेबाहेर आहे. उलट बाजूने पाहिले तर ५ व्होल्टवरच्या पीसीएफ८५७४ ला ‘एक’ ओळखायला किमान ३.५ व्होल्ट हवेत, ३.३ त्याला कमीच. लेव्हल शिफ्टर दोन्ही बाजू सांभाळतो.

जोडणी अशी. पायची १ नंबरची पिन (३.३ व्होल्ट) शिफ्टरच्या एलव्हीला. २ नंबरची (५ व्होल्ट) एचव्हीला. ६ नंबरची (ग्राउंड) शिफ्टरच्या ग्राउंडला. ३ नंबरची पिन एसडीए, ती एलव्ही१ ला. ५ नंबरची एससीएल, ती एलव्ही२ ला. शिफ्टरच्या दुसऱ्या बाजूने एचव्ही१ एलसीडीच्या एसडीएला, एचव्ही२ एससीएलला. एलसीडीचे ५ व्होल्ट पायच्या ४ नंबरवरून, ग्राउंड ९ नंबरवरून. वायरी ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. वायरी जोडताना अडॅप्टर भिंतीतून काढलेला असावा, ‘फक्त शटडाउन केलेला’ पुरत नाही. ५ व्होल्टच्या पिना तेव्हाही जिवंत असतात.

आता रासपी-कॉन्फिगमध्ये इंटरफेस ऑप्शन्सखाली आयटूसी चालू करा, आयटूसी-टूल्स पॅकेज टाका आणि आयटूसीडिटेक्ट, वजा वाय, १ ही कमांड द्या. तक्त्यात २७ दिसले तर बोर्डवर पीसीएफ८५७४ आहे. ३एफ दिसले तर पीसीएफ८५७४ए. हा आकडा लिहून ठेवा. सगळीकडे रेघाच दिसल्या तर एसडीए-एससीएल उलटे लागले आहेत किंवा बोर्डला वीज नाही. तक्ता एकेक खाना फार हळू भरत असेल तर एखादी रेषा ग्राउंडला चिकटली आहे, डाख तपासा.

पडद्यावर काहीच नाही म्हणून एलसीडी परत करायला धावू नका. मागच्या बोर्डवरचा निळा चौकोनी पोटेन्शिओमीटर बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत भरीव चौकोन उमटले की वीज आणि कॉन्ट्रास्ट ठीक आहे, एलसीडीला अजून कुणी सुरू केलेले नाही एवढेच.

एलसीडीडी आणि कीपॅड

मेनूसाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिता येतो, पण एलसीडीप्रॉक हे जुने, तयार साधन डेबियनमध्ये आहे आणि त्यात मेनूची सोय आधीच आहे. त्याचे तीन भाग ध्यानात घ्या: एलसीडीडी ही पडदा आणि कळा सांभाळणारी सर्व्हिस, एलसीडीप्रॉक हा प्रोसेसर-मेमरीची माहिती दाखवणारा क्लायंट, आणि एलसीडीएक्झेक हा मेनूतून कमांड चालवणारा क्लायंट. एलसीडीप्रॉक पॅकेजबरोबर तिन्ही येतात.

ईटीसी फोल्डरमधली एलसीडीडी डॉट कॉन्फ उघडा. सर्व्हर विभागात ड्रायव्हरच्या दोन ओळी हव्यात: एक एचडी४४७८० (एलसीडीसाठी), दुसरी लिनक्स_इनपुट (कीपॅडसाठी). बाइंडचा पत्ता १२७.०.०.१ च राहू द्या. एलसीडीडी १३६६६ पोर्टवर कसलाही पासवर्ड न विचारता बोलते, ती जाळ्यावर उघडी ठेवायची गोष्ट नव्हे.

एचडी४४७८० विभागात कनेक्शनटाइप आयटूसी, डिव्हाइस म्हणजे डेव्ह फोल्डरमधले आयटूसी-१, पोर्टमध्ये झीरो-एक्स लावून तुमचा २७ किंवा ३एफ, आकार २०एक्स४, आणि बॅकलाइटचे नियंत्रण चालू. ते राहिले तर अक्षरे असूनही मागचा दिवा विझलेला राहू शकतो. खरी मेख पुढे आहे. बाजारातल्या बोर्डांवर पीसीएफ८५७४ च्या पिना एलसीडीला ज्या क्रमाने जोडलेल्या असतात तो एलसीडीडीच्या मूळ क्रमापेक्षा वेगळा आहे. आयटूसी_लाइन ने सुरू होणाऱ्या ओळी अशा भरा: आरएस ०१, आरडब्ल्यू ०२, ईएन ०४, बीएल ०८, डी४ ते डी७ अनुक्रमे १०, २०, ४०, ८०, आणि प्रत्येक आकड्याआधी झीरो-एक्स. आयटूसीडिटेक्टला बोर्ड दिसतो, सर्व्हिस तक्रार करत नाही, मागचा दिवा लुकलुकतो पण एक अक्षर उमटत नाही, असे झाले तर याच आठ ओळी पाहा. नोंदींमध्ये ड्रायव्हर उघडता आला नाही असे आले, तर ड्रायव्हरपाथची ओळ चुकीच्या फोल्डरकडे बोट दाखवते. डीपीकेजी, वजा मोठा एल, एलसीडीप्रॉक या कमांडने खरी जागा शोधून तीच लिहा.

कीपॅडचे डिव्हाइस इव्हेंट०, इव्हेंट१ अशा नावाने लिहू नका. दुसरे काही यूएसबीला लावले की तो क्रमांक बदलतो. इनपुट फोल्डरमधल्या बाय-आयडीखालचे, इव्हेंट-केबीडीने संपणारे नाव वापरा. काही कीपॅड दोन नावांनी दिसतात, त्यातले खरे ईव्हीटेस्टने ओळखा: कळ दाबल्यावर ज्यात हालचाल होते ते. कळांचे क्रमांक: वरचा ८ म्हणजे ७२, खालचा २ म्हणजे ८०, ४ म्हणजे ७५, ६ म्हणजे ७७, एंटर ९६, टिंबाची कळ ८३. त्यांना अनुक्रमे अप, डाउन, लेफ्ट, राइट, एंटर आणि एस्केप नावे द्या. मेनू एस्केपने उघडतो. नमलॉक चालू असो वा बंद, या पातळीवर क्रमांक बदलत नाहीत. कळांवर बाणांची स्टिकरे लावा आणि लागत नाहीत त्या कळांवर टेप चिकटवा. कीपॅड काढून पुन्हा लावल्यावर कळा मेल्यासारख्या वाटल्या तर सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

कीपॅड हा लिनक्सच्या दृष्टीने कीबोर्डच आहे, त्यामुळे दाबलेले आकडे न दिसणाऱ्या लॉगिनच्या पाटीवरही जातात आणि फसलेल्या लॉगिनच्या नोंदी साचतात. गेटी, अॅट, टीटीवाय१ ही सर्व्हिस बंद करा. अडीनडीला मॉनिटर लावलात तर पूर्ण कीबोर्डवर ऑल्ट आणि एफ२ ने लॉगिन मिळते.

बदल केल्यावर सर्व्हिस पुन्हा सुरू करा. तिच्या नावात एल, सी आणि पहिला डी मोठे, शेवटचा डी लहान आहे. सगळे लहान टाइप केले तर सिस्टमडीला ती सापडत नाही.

मेनूत काय घालायचे

एचडी४४७८० च्या चिपमध्ये देवनागरी नाही. स्वतःची अक्षरे घडवायला तिच्यात फक्त आठ जागा असतात, प्रत्येकी ५ बाय ८ ठिपक्यांची. जोडाक्षरे-काने-मात्रे त्यात मावत नाहीत. मेनू रोमन लिपीतल्या मराठीत लिहा. चुकून देवनागरी घातलीत तर जपानी काताकानासारखे काहीतरी उमटते, कारण स्वस्त बोर्डांवर बहुधा तोच अक्षरसंच भाजलेला असतो. देवनागरीच हवी असेल तर १२८ बाय ६४ चा ओएलईडी आणि पायथनची पिलो लायब्ररी, तीही राक्म (अक्षरांची मांडणी करणारी लायब्ररी) जोडलेली, नाहीतर वेलांट्या चुकीच्या जागी पडतात. पण एलसीडीएक्झेकची तयार सोय मग गेली.

एलसीडीएक्झेक डॉट कॉन्फमध्ये मेनमेनू नावाचा विभाग असतो, त्यात एंट्रीच्या ओळींनी पुढच्या विभागांची नावे. ज्या विभागात पुन्हा एंट्री आहे तो उपमेनू, ज्यात एक्झेक आहे ती कमांड. कमांडच्या विभागात फीडबॅक यस लिहिले की काम झाले की फसले एवढे पडद्यावर येते. कमांडने छापलेला मजकूर येत नाही. नावे सोळा अक्षरांच्या आत ठेवा, कडेला बाण आणि खुणांना जागा लागते.

पाच नोंदी पुरेत: आता बॅकअप, डिस्क काढा, नेटवर्क पुन्हा, पुन्हा सुरू, बंद करा. शेवटच्या दोन थेट कमांड नकोत. त्यांना उपमेनू करा आणि आत ‘नको’ आधी, ‘हो’ नंतर ठेवा. एंटर दोनदा दाबला गेला तरी मशीन बंद पडू नये.

एलसीडीएक्झेकसाठी सिस्टमडीची सर्व्हिस स्वतः लिहा: एलसीडीडीनंतर सुरू होणारी, वजा एफ देऊन पुढेच चालणारी, रीस्टार्ट ऑलवेज आणि ५ सेकंदांची वाट. रीस्टार्ट विसरलात तर एलसीडीडी एकदा पुन्हा सुरू झाली की मेनू नाहीसा होतो आणि कुणाला कळत नाही का. ही सर्व्हिस रूट म्हणून चालते, म्हणून एक्झेकमध्ये फक्त यूएसआर-लोकल-एसबिनमधल्या, रूटच्या मालकीच्या स्क्रिप्टचे पूर्ण पाथ द्या.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आरसिंक या फायली उतरवणाऱ्या कमांडच्या आधी दोन तपासण्या अनिवार्य आहेत. माउंटपॉइंट कमांडने बॅकअपची डिस्क खरोखर लागली आहे का पाहा. नसेल तर आरसिंक रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसडी कार्डवर लिहीत सुटतो आणि कार्ड भरून मशीन बसते. दुसरी तपासणी मूळ डिस्कची, आणि ती अधिक महत्त्वाची. मूळ डिस्क निसटलेली असताना डिलीट पर्यायासह आरसिंक चालला, तर त्याच्या लेखी सगळ्या फायली पुसल्या गेल्या आहेत, आणि तो इमानेइतबारे बॅकअपही रिकामा करतो. जोडीला एफलॉक लावा, म्हणजे रात्री ठरल्या वेळी बॅकअप चालवणारा क्रॉन आणि मेनूतला बॅकअप एकमेकांत गुंतणार नाहीत. आरसिंकचा लिंक-डेस्ट पर्याय वापरून सात दिवसांच्या सात प्रती ठेवल्यात तर न बदललेल्या फायली दुप्पट जागा खात नाहीत, आणि चुकून पुसलेली फाइल परवाच्या फोल्डरातून काढता येते.

‘डिस्क काढा’ने अनमाउंट करून यूडिस्कसीटीएलने डिस्कची वीज तोडायची. बॅकअप त्याच खोलीत ठेवून उपयोग नाही. आठवड्यातून एकदा ती डिस्क कुणाच्या तरी घरी गेली पाहिजे.

स्थितीचा पडदा

एलसीडीप्रॉक क्लायंटचे पडदे देखणे आहेत, पण प्रोसेसरचा वापर पाहून दुकानदाराला काय करायचे आहे? त्याला चार ओळी द्या: आयपी पत्ता, शेवटच्या बॅकअपची तारीख आणि ‘ठीक’ किंवा ‘चूक’, मोकळी जागा, वीज आणि तापमान. हे करायला एलसीडीडीची साधी मजकुरी भाषा पुरते. १३६६६ पोर्टला जोडून हॅलो पाठवा, उत्तरात पडद्याची रुंदी-उंची येते. मग स्क्रीन_अॅड, चार विजेट_अॅड (प्रकार स्ट्रिंग), आणि दर दहा सेकंदांनी विजेट_सेट. स्तंभ आणि ओळ १ पासून मोजतात, जागा असलेला मजकूर महिरपी कंसात. जोडणी तुटली की पडदा जातो, म्हणून स्क्रिप्ट सतत चालू हवी. सर्व्हर मधूनमधून ‘लिसन’, ‘इग्नोर’, ‘सक्सेस’ असे पाठवत असतो, ते वाचून टाका. न वाचता सोडल्यास साचत जाते आणि काही दिवसांनी जोडणी अडकते.

विजेच्या ओळीसाठी व्हीसीजेनकमांडची गेट_थ्रॉटल्ड ही कमांड. उत्तर झीरो-एक्स-झीरो असेल तर ठीक. ५०००० म्हणजे बूट झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडून वेग कमी झाला होता. ५०००५ म्हणजे आत्ताही तेच चालले आहे. पडद्यावर आकडे न दाखवता ‘वीज कमी’ असे दाखवा. या अवस्थेत डिस्क अधूनमधून निसटते आणि दोष डिस्कवर येतो.

वीज आणि पाऊस

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि फांद्या तारांवर पडायच्या त्या याच दिवसांत. अचानक वीज गेल्यावर पहिला बळी एसडी कार्डाचा.

घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचे बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. ‘नॉर्मल’ मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो आणि पाय तेवढ्यात रीबूट होतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा मिनी यूपीएस, पण त्याचा ५ व्होल्टचा पोर्ट खरोखर ३ अँपिअर देतो का पाहा. नसेल तर १२ व्होल्टच्या पोर्टमधून बक कन्व्हर्टरने ५.१ व्होल्ट काढा. लेबलावरचे एमएएच ३.७ व्होल्टचे असतात: ८८०० एमएएच म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास, रूपांतरातले नुकसान धरून पंचवीसेक हाती येतात, आणि ६ वॉट खाणारा पाय चार तास निघतो. राउटरही त्याच यूपीएसवर असेल तर निम्मा धरा.

मिनी यूपीएस पायला काही कळवत नाही. मेन्स गेली हे कळायला एक जुना मोबाइल चार्जर सरळ भिंतीच्या विजेवर लावा. त्याच्या ५ व्होल्टवरून ४७० ओहम रोधातून पीसी८१७ ऑप्टोकपलरचा (वायरीऐवजी उजेडाने खूण पोचवणारा भाग) एलईडी पेटवा, आणि ऑप्टोच्या दुसऱ्या बाजूचा कलेक्टर पायच्या ११ नंबरला (जीपीआयओ१७), एमिटर १४ नंबरच्या ग्राउंडला. आतला पुल-अप चालू ठेवला की मेन्स असताना पिन शून्य, गेल्यावर एक. स्क्रिप्टने लगेच बंद करू नये. अर्ध्या मिनिटाच्या झटक्यांना बंद होत राहिले तर काम कधी करायचे? बॅटरीच्या वेळेच्या तीन चतुर्थांशापर्यंत थांबा, मग शटडाउन.

इथे नेहमीचा सापळा आहे. पाय बंद झाला, बॅटरी शिल्लक होती, वीज परत आली. पायला ५ व्होल्ट मिळतच होते, त्यामुळे तो आपणहून उठत नाही. उपाय म्हणून ५ नंबरची पिन आणि ग्राउंडमध्ये एक दाबाचे बटण पेटीवर बसवा. बंद असलेल्या पाय ४ ला तेवढ्याने जाग येते. तीच एससीएलची रेषा असल्याने मशीन चालू असताना दाबले तर पडद्यावरची अक्षरे बिघडतात, बाकी काही होत नाही. तरी बटण पेटीच्या कडेला, सहज हात लागणार नाही असे ठेवा.

एलसीडीडी डॉट कॉन्फमध्ये गुडबायच्या ओळी आहेत. त्यात ‘हिरवा दिवा विझेपर्यंत थांबा’ असे रोमनमध्ये लिहा. ही सर्व्हिस डिस्क अनमाउंट होण्याआधीच थांबते, त्यामुळे निरोपाचा मजकूर दिसला म्हणजे प्लग काढायला हरकत नाही असे होत नाही.

पेटी पावसाळ्यात घट्ट बंद करण्याचा मोह आवरा. आत उष्णता कोंडते, आणि पाय ८० अंशांपासून वेग कमी करू लागतो. वायरी खालून आत घ्या, प्रत्येकीला आत शिरण्याआधी खाली झोल द्या म्हणजे ओघळ बाहेरच थेंबेल, आणि तळाला ३ मिलिमीटरची दोन-चार छिद्रे जाळी लावून ठेवा. जाळी मुंग्यांसाठी, उबदार पेटी त्यांना फार आवडते. एलसीडीच्या पाटीची भोके ९३ बाय ५५ मिलिमीटरवर असतात, पाटी ९८ बाय ६०. झाकण कापण्याआधी कागदावर उतरवून पाहा.

समुद्राजवळ जंपर वायरींची टोके पहिल्याच पावसाळ्यात काळी पडतात. लक्षण ठरलेले आहे: पडदा नीट चालतो, मग एकदम निरर्थक अक्षरे, वायरीला हात लावला की कधी सुधारते. एलसीडीला प्रत्येक बाइट चार-चार बिटांच्या दोन तुकड्यांत मिळतो, आणि एक तुकडा हुकला की पुढचे सगळे अर्ध्याने सरकते. एलसीडीडी पुन्हा सुरू केल्यावर तात्पुरते ठीक होते, म्हणून लोक क्रॉनमध्ये तासातासाला रीस्टार्ट लावतात. तसे करू नका, वायरी डाख देऊन जोडा. डाखानंतरही विहिरीचा पंप सुरू होताना अक्षरे बिघडत असतील तर एसडीए आणि एससीएल प्रत्येकी एका ग्राउंडच्या वायरीशी पिळून घ्या.

कार्ड गोठवणे

सगळे चालू लागले की रासपी-कॉन्फिगच्या परफॉर्मन्स ऑप्शन्समधली ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा. मग कार्डावर काहीच लिहिले जात नाही, आणि वीज कशीही गेली तरी प्रणाली शाबूत राहते. चालू केल्यावर लगेच एक परीक्षा घ्या: एसएसडीवर एक फाइल लिहा, रीबूट करा, ती आहे का पाहा. नसेल तर ओव्हरलेने डेटाच्या डिस्कवरही पांघरूण घातले आहे आणि दिवसभराचे काम रॅममध्ये जाऊन नाहीसे होईल. कर्नलच्या ओळीत ओव्हरलेरूट, बरोबर, टीएमपीएफएस असे आहे तिथे पुढे कोलन (:) आणि रीकर्स, बरोबर, शून्य हे जोडा, आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या.

ओव्हरले चालू असताना केलेले अपडेट, बदललेला पासवर्ड, मेनूतली नवी नोंद रीबूटनंतर राहत नाही. महिन्यातून एकदा ओव्हरले काढा, रीबूट करा, अपडेट करा, परत लावा. ताबा देण्याआधी तीन गोष्टी समोरच्याकडून करून घ्या: मेनूतून बॅकअप, मेनूतून डिस्क काढून परत लावणे, आणि मेन्सचा स्विच बंद करून मशीन स्वतः बंद होईपर्यंत वाट पाहणे. लॅपटॉप तेवढा वेळ पिशवीतच ठेवा.